६७ सेकंद मागे

सोमवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास मी सर्व्हरवर लॉगिन करायला बसले. काम पाच मिनिटांचं होतं. रात्रीचा बॅकअप नीट झाला की नाही, एवढंच पाहायचं होतं. नेहमीसारखं युजरनेम दिलं, पासवर्ड दिला, फोनवरचा सहा आकडी कोड दिला आणि पडद्यावर ओळ आली, ‘परमिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन’.

आत शिरायला मला दुपारचे अडीच वाजले. मूळ बिघाड सापडायला त्यातली जेमतेम २५ मिनिटं लागली. बाकीचा सगळा वेळ मी स्वतः निर्माण केलेले बिघाड निस्तरण्यात गेला. हे सविस्तर लिहिते आहे, कारण त्या दिवशी टाकलेलं प्रत्येक चुकीचं पाऊल त्या क्षणी मला अगदी रास्त वाटलं होतं. ॲडमिनचं लॉगिन अडलं की माणूस कसा विचार करतो आणि तो विचार कुठे भरकटतो, हे ज्यांच्यावर ही वेळ यायची आहे त्यांना आधी कळलेलं बरं.

आधी मांडणी सांगते. सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा, रेड हॅट कंपनीच्या घराण्यातला. स्वतंत्र पेटी नाही, एका मोठ्या यंत्रावर चालणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचं, लॉगिन आम्ही मुद्दाम बंद ठेवलं होतं. जे करायचं ते ॲडमिन खात्यातून, सूडो (रूटचे अधिकार तेवढ्यापुरते देणारी आज्ञा) वापरून. अशी खाती दोनच, एक माझं आणि एक आमच्या सरांचं. सर त्या आठवड्यात रजेवर होते. बाहेरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरच्या सुरक्षित जोडणीने, यायचं तर पासवर्ड आणि फोनवरचा कोड दोन्ही लागतात. मशीनच्या कन्सोलवर, म्हणजे थेट त्याच्या स्वतःच्या पडद्यावर, मात्र नुसता पासवर्ड पुरतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच माझी दिशाभूल केली.

पहिल्या नकारानंतर मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा नकार. तिसऱ्या वेळी कॅप्स लॉक पाहिला, एकेक अक्षर मनात म्हणत टाइप केलं. तोच नकार. आणि इथे माझ्या मनाने परस्पर निकाल देऊन टाकला की पासवर्ड चुकतोय. तसा काही पुरावा नव्हता. पडद्यावरची ओळ ‘परवानगी नाही’ एवढंच सांगत होती, काय चुकलं ते सांगत नव्हती. पण लॉगिन फसलं की आपण पासवर्डवरच संशय घेतो, कारण आपल्या हातात असलेली आणि आपल्या हातून चुकू शकणारी तीच एक गोष्ट वाटते. पासवर्ड मी मागच्याच महिन्यात बदलला होता. बोटांना कदाचित जुनी सवय असेल, असं वाटून जुना टाकून पाहिला. मग त्याच्या आधीचा. मग नवाच, पण शेवटची दोन चिन्हं उलटसुलट करून.

त्यानंतर पासवर्ड विचारणंही बंद झालं. थेट ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

आता शांतपणे पाहिलं तर दोन्ही गोष्टी सरळ कळतात. लिनक्समध्ये लॉगिनची तपासणी पॅम नावाची व्यवस्था करते आणि तिच्यात फेललॉक नावाचं एक मॉड्यूल असतं. मूळ सेटिंगप्रमाणे तीनदा चुकीचा पासवर्ड आला की ते त्या खात्याला १० मिनिटं कुलूप लावतं. त्या १० मिनिटांत खरा पासवर्ड दिला तरी नकारच मिळतो. आमच्याकडे ते मुकाट्याने काम करावं असं ठरवलेलं होतं, म्हणजे खातं बंद झालंय हे समोरच्याला कळत नाही. बाहेरच्या हल्लेखोराला माहिती मिळू नये म्हणून हे योग्यच. शिवाय एसएसएचवर फेलटूबॅनचा पहारा होता. १० मिनिटांत ५ फसलेले प्रयत्न दिसले की तो त्या पत्त्यावरून येणारी जोडणीच १० मिनिटं नाकारतो. दोन्ही पहारे मीच बसवले होते. त्या सकाळी मात्र त्यांतलं एकही आठवलं नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ वाचून मला वाटलं, एसएसएचची सेवाच कोसळली.

मग मी कन्सोल उघडला. इथे कोड लागत नाही, नुसता पासवर्ड. खरा, नवा पासवर्ड दिला. ‘लॉगिन इनकरेक्ट’.

पोटात गोळा आला तो इथे. कन्सोलवरही पासवर्ड चालत नाही म्हणजे पासवर्ड चुकतोय हे पक्कं झालं, आणि मी तर तो बरोबर देतेय, म्हणजे कोणीतरी बदललाय. घुसखोरी! प्रत्यक्षात मी कन्सोलवर आले तेव्हा खात्याला कुलूप लागून चार मिनिटंही झाली नव्हती. अजून सहा-सात मिनिटं हात बांधून बसले असते तर तोच पासवर्ड चालला असता. पण घाबरलेल्या माणसाला दहा मिनिटं स्वस्थ बसणं फार जड जातं. मी त्या वेळात आणखी दोनदा प्रयत्न केला आणि मग ठरवलं की पासवर्ड बाहेरून रीसेट करायचा.

रूटचा पासवर्ड नसताना आत शिरायची एक रीत आहे. मशीन रीबूट करायचं, मशीन सुरू करणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या मेनूत थांबायचं, कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) ओळीच्या शेवटी ‘आरडी डॉट ब्रेक’ जोडायचं. मशीन अर्धवट उठून थांबतं आणि हातात एक उघडा शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, मिळतो. मूळ फाइलसिस्टिम लिहिता येईल अशी पुन्हा माउंट करायची (जोडायची), चरूट या आज्ञेने तिच्यात जायचं, पासवर्ड बदलायचा, बाहेर पडायचं. मी हे पूर्वी एकदा चाचणीच्या मशीनवर केलेलं होतं. सर्व्हरवर त्या वेळी लोकांचं काम चालू होतं. रीबूट करण्याआधी मी त्यांना दोन ओळींची सूचना पाठवली आणि उत्तराची वाट न पाहता बटण दाबलं. काही जणांचं अर्धवट भरलेलं काम त्यात गेलं. मूळ दोष घड्याळाचा होता (ते पुढे येईलच), पण ते नुकसान माझ्या घाईमुळे झालं, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं.

त्या रीबूटने आणखी एक गोष्ट गेली. फेललॉक आपल्या नोंदी ‘रन’ या डिरेक्टरीत ठेवतं आणि ती मेमरीत असते, डिस्कवर नाही. मशीन बंद झालं की नोंदी पुसल्या जातात. म्हणजे खातं कोणाच्या प्रयत्नांमुळे आणि कधी बंद झालं, याचा सर्वात सरळ पुरावा मी स्वतःच मिटवला. घुसखोरीचा संशय होता तर हे करणं दुप्पट चूक होतं.

पासवर्ड बदलला, मशीन उठलं, कन्सोलवर नवा कोरा पासवर्ड टाकला. ‘लॉगिन इनकरेक्ट’.

तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मी ताईंना फोन केला.

ताई आमच्याच क्षेत्रातल्या, माझ्याहून कितीतरी ज्येष्ठ. पूर्वी आम्ही एकत्र काम करायचो. मी भडाभडा सगळं सांगितलं. घुसखोरी झाली असावी, असंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आता कीबोर्डवरचा हात काढ. एक कागद घे. पहिला प्रयत्न किती वाजता केलास, कुठल्या दारातून, आणि पडद्यावर नेमके कुठले शब्द आले? तुला काय वाटलं ते नको, शब्द सांग.”

मी लिहायला लागले तशी माझ्याच हातून एक तक्ता तयार झाला. सव्वानऊ, एसएसएच, परमिशन डिनाइड. नऊ एकवीस, एसएसएच, कनेक्शन रिफ्यूज्ड. नऊ चोवीस, कन्सोल, लॉगिन इनकरेक्ट. मध्ये किती आणि कुठले पासवर्ड टाकून पाहिले, तेही त्यांनी विचारलं. जुने टाकून पाहिले हे सांगताना मी थोडी अडखळले. त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे फेललॉक. आणि रिफ्यूज्ड म्हणजे फेलटूबॅन. ही दोन तुझ्यामुळे आली. ती बाजूला ठेव. पहिल्या तीन नकारांचं कारण वेगळं आहे, ते अजून तिथेच बसलंय.”

मग कन्सोलवरचा ताजा नकार. त्यांनी आधी कीबोर्डची मांडणी तपासायला लावली. कन्सोल वेगळ्या देशाची मांडणी धरून बसला असेल तर ॲट-चिन्हाच्या जागी अवतरणचिन्ह उमटतं, आणि पासवर्ड दिसत नसल्याने ते कळतच नाही. युजरनेमच्या जागी नुसतं ते एक चिन्ह टाइप करून पाहायचं आणि पुसून टाकायचं. अख्खा पासवर्ड तिथे कधीच टाइप करू नये. चुकून एंटर दाबला गेला तर तो युजरनेम म्हणून लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उघडाच नोंदला जाऊ शकतो. आमची मांडणी बरोबर होती.

“पासवर्ड बदलल्यावर लेबलं पुन्हा लावायला सांगितलंस का?” त्यांनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. एसईलिनक्स, म्हणजे लिनक्सवरचा सुरक्षेचा जादा थर, चालू असलेल्या मशीनवर प्रत्येक फाइलला एक सुरक्षेचं लेबल असतं. पासवर्डांचे हॅश (त्यांची सांकेतिक रूपं) ज्या शॅडो फाइलमध्ये असतात तिचं लेबल खास. अर्धवट उठवलेल्या मशीनमध्ये एसईलिनक्सची धोरणं अजून चढलेली नसतात; तिथे पासवर्ड बदलला की शॅडो फाइल नव्याने लिहिली जाते आणि ते लेबल हरवतं. मग मशीन पूर्ण उठल्यावर लॉगिनच्या प्रोग्रॅमला ती फाइल वाचायचीच परवानगी मिळत नाही. म्हणून बाहेर पडण्याआधी मूळ डिरेक्टरीत ‘ऑटोरीलेबल’ नावाची एक रिकामी फाइल ठेवायची असते. ती पाहून मशीन उठताना सगळी लेबलं पुन्हा लावतं. ती एक पायरी मी विसरले होते. इतका वेळ निदान सरांचं खातं तरी कन्सोलवर चाललं असतं. आता कोणाचंच चालणार नव्हतं.

यावर उतारा सोपा निघाला. आणखी एक रीबूट (या वेळी लोकांना पंधरा मिनिटं आधी कळवून आणि सगळ्यांचे होकार घेऊन), ग्रबमध्ये ‘एन्फोर्सिंग’ बरोबर शून्य. त्या अवस्थेत एसईलिनक्स नुसती नोंद करतं, अडवत नाही. कन्सोलवर नवा पासवर्ड टाकला आणि मी आत गेले. रीस्टोअरकॉन ही आज्ञा चालवून शॅडो फाइलचं लेबल परत आणलं, एसईलिनक्स पुन्हा कडक केलं, बाहेर पडून परत आत येऊन पाहिलं. चाललं.

मला वाटलं संपलं. एसएसएचने लॉगिन करून पाहिलं. परमिशन डिनाइड.

गंमत अशी की मला त्या नकाराने हायसं वाटलं. कारण आता पासवर्ड बरोबर असल्याची खात्री होती. दोन मिनिटांपूर्वी कन्सोलवर तोच चालला होता. फेललॉक रिकामं होतं, फेलटूबॅनच्या यादीत माझा पत्ता नव्हता. सकाळपासून ज्याच्या मागे धावले तो पासवर्ड निर्दोष होता. उरला होता फोनवरचा कोड, ज्याचा मी पाच तासांत एकदाही विचार केला नव्हता.

ताई म्हणाल्या, “कन्सोल उघडा ठेव, बंद करू नकोस. तिथे लॉग सुरू करून ठेव आणि दुसऱ्या खिडकीतून एसएसएच कर. लॉग मला वाचून दाखव.” जर्नल, म्हणजे तो लॉग, चालू ठेवून मी पासवर्ड आणि कोड दिला. कन्सोलवर ओळी सरकल्या आणि त्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं की पडताळणीचा कोड अमान्य. ही ओळ सकाळी सव्वानऊच्या प्रयत्नाखालीही होती. मागे जाऊन पाहिलं तर त्या आधीच्या बुधवारी दोनदा होती, त्याच्या आदल्या आठवड्यातही होती.

मग पडद्यावर ती ओळ का येत नाही? पॅममध्ये तपासण्या एकाखाली एक रचलेल्या असतात. ही रचना १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी मांडली. एखादी तपासणी ‘रिक्वायर्ड’ म्हणून लावली की ती फसली तरी पॅम तिथे थांबत नाही, पुढच्या तपासण्या पूर्ण करतं आणि शेवटी एकच नकार देतं. हेतू हाच की बाहेरच्याला आपण कुठल्या पायरीवर अडलो ते कळू नये. विंडोजमध्येही तेच आहे. पडद्यावर एक मोघम वाक्य, पण इव्हेंट लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदीत सब-स्टेटसचा आकडा असतो आणि पासवर्ड चुकला, खातंच नाही की खातं बंद आहे, ते त्यावरून कळतं. दार मोघम बोलतं, लॉग नेमकं बोलतो. मी सकाळभर दारापाशीच उभी होते. अर्थात लॉग वाचायला आत जावं लागतं, आणि आत जाता येत नाही हीच तर अडचण होती. म्हणून लॉगची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जायला हवी होती. ती जात नव्हती.

“सर्व्हरवर किती वाजलेत? सेकंदांसकट सांग,” ताईंनी विचारलं. मी वेळ विचारली, फोन शेजारी धरला. सर्व्हर ६७ सेकंद मागे होता.

फोनवरचा तो कोड म्हणजे टीओटीपी, वेळेवर आधारलेला एकदाच वापरायचा पासवर्ड. आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २०११ साली तो मांडला गेला. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते घ्यायचं, त्याला ३० ने भागायचं, आलेल्या पूर्णांकाची आणि दोन्हीकडे ठेवलेल्या गुपिताची हॅशने सरमिसळ करायची आणि त्यातून सहा आकडे काढायचे. फोन आणि सर्व्हर एकमेकांशी काहीच बोलत नाहीत. दोघं आपापल्या घड्याळात पाहून तोच आकडा काढतात, एवढाच त्यांचा संबंध. घड्याळं थोडी पुढेमागे असतात म्हणून कोड तपासणारं आमचं मॉड्यूल चालू ३० सेकंदांचा कोड, त्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक असे तीन स्वीकारतं. ६७ सेकंदांचा फरक म्हणजे फोन दोन किंवा तीन कोड पुढे. कितीही वेळा, कितीही काळजीपूर्वक टाइप केलं तरी तो जुळणार नव्हता.

घड्याळ मागे का पडलं तेही लगेच सापडलं. सर्व्हरची वेळ क्रोनी नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं; ते नेटवर्कवरच्या इतर स्रोतांना वेळ विचारतं. त्याची स्रोतांची यादी काढली तर ‘रीच’च्या रकान्यात सगळीकडे ० होतं. हा रकाना अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठाच्या पायावर मोजलेला, असतो. शेवटच्या आठही चौकशांना उत्तर आलं असेल तर ३७७ दिसतं, आठातल्या एकालाही आलं नसेल तर ०. म्हणजे वेळ विचारायला जाणारे निरोप कुठेच पोचत नव्हते. वीस दिवसांपूर्वी, एका मंगळवारी, हे मशीन दुसऱ्या यंत्रावर आणि नेटवर्कच्या दुसऱ्या भागात हलवलं होतं. त्या भागाच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचं १२३ क्रमांकाचं पोर्ट उघडं नव्हतं, आणि वेळेचे निरोप त्याच पोर्टवरून जातात. शिवाय क्रोनी आपल्या घड्याळाची चाल किती चुकते ते एका फाइलीत लिहून ठेवतं आणि तेवढी दुरुस्ती करत राहतं. ती फाइल जुन्या यंत्राच्या घड्याळातल्या स्फटिकासाठी मोजलेली होती. नव्या यंत्रावर ती दुरुस्ती लागू नव्हती. रोज साधारण साडेतीन सेकंदांची तूट वीस दिवस साचत गेली. एक मिनिट मागे असलेलं घड्याळ कोणाच्या डोळ्यात भरत नाही. मी त्या वीस दिवसांत सर्व्हरवर कितीतरी वेळा तारीख-वेळ पाहिली असेल.

नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना पोर्टचं सांगितलं, त्यांनी नियम घातला, पहिल्या स्रोताचं उत्तर आलं. वेळेवर चालणारं कुठलंही काम त्या मिनिटात नाही हे पाहून मी घड्याळ एकदम जाग्यावर आणायची आज्ञा दिली. एसएसएच केलं, कोड दिला, आत गेले. अडीच वाजले होते.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाने, जेव्हा मी लॉगमधल्या जुन्या ओळी घेऊन कागदावर आकडेमोड करत बसले. दहा-अकरा दिवसांपासून मला अधूनमधून दुसऱ्यांदा कोड टाकावा लागत होता. बुधवारी तर तिसऱ्या खेपेला आत गेले होते. सरांना मात्र रजेवर जाईपर्यंत एकदाही अडचण आली नव्हती, म्हणून मी ती माझ्या फोनची किंवा माझ्या बोटांची चूक मानून सोडून दिली.

आता असं पाहा. सर्व्हर ४५ सेकंद मागे आहे. फोनवर नवा कोड उगवला त्याच क्षणी मी तो टाकला, तर सर्व्हरच्या हिशेबात तो दोन कोड पुढचा ठरतो आणि नाकारला जातो. पण तोच कोड त्याची पंधरा सेकंदं उलटून गेल्यावर टाकला, तर तोवर सर्व्हरचं घड्याळ पुढच्या खान्यात आलेलं असतं, अंतर एका कोडाचं उरतं आणि कोड चालतो. मी नेहमी नवा कोड येण्याची वाट पाहते आणि आला की भरकन टाकते, मधेच बदलू नये म्हणून. सर सावकाश टाइप करतात. चष्मा लावतात, फोनवर पाहतात, दोन आकडे टाकतात, पुन्हा पाहतात. त्यांचा कोड पोचेपर्यंत त्याचा उत्तरार्ध चालू असायचा. म्हणून ते आत जायचे आणि मी अडकायचे. तूट ३० सेकंदांच्या वर गेल्यापासून दर दिवशी ही फट थोडी थोडी अरुंद होत गेली आणि ६० सेकंदांना बंद झाली. त्यानंतर सरही अडले असते.

लॉगमधल्या प्रत्येक नकाराची वेळ घेऊन मी तो ३० सेकंदांच्या खान्यात कुठे पडतो ते मांडलं. चाललेले कोड खान्याच्या शेवटाकडे, नाकारलेले सुरुवातीकडे, आणि दोघांमधली रेघ दिवसागणिक शेवटाकडे सरकलेली. ते पाहून मी बराच वेळ तशीच बसले. ‘कधी चालतं, कधी नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा एखाद्या मोजता येणाऱ्या गोष्टीवर अवलंबून असतं, फक्त ती काय आहे ते आपण विचारलेलं नसतं. मी बुधवारीच लॉग उघडला असता तर सोमवार उजाडलाच नसता.

ताईंनी संध्याकाळी पुन्हा फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, “आपत्कालीन कोड कुठे ठेवलेस?” टीओटीपी बसवताना आमच्या मॉड्यूलने आठ आकड्यांचे पाच कोड दिले होते. ते घड्याळावर अवलंबून नसतात. प्रत्येक एकदाच चालतो. त्यातला एक सव्वानऊ वाजता टाकला असता तर मी नऊ सोळाला आत असते. ते मी त्याच सर्व्हरवर, माझ्या होम डिरेक्टरीत जपून ठेवले होते. आता ते कागदावर छापून बंद पाकिटात आहेत, आणि पाकीट कपाटात.

त्या आठवड्यात आणखी काही बदल केले. लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ लागली. घड्याळ पाच सेकंदांपेक्षा जास्त सरकलं किंवा क्रोनीचा एकही स्रोत पोचेनासा झाला तर इशारा येतो. तिसरं ॲडमिन खातं केलं, जे फक्त कन्सोलवरून चालतं आणि ज्याचा पासवर्ड त्याच पाकिटात आहे. ज्यांचं काम गेलं त्यांना मी काय झालं आणि रीबूटची गरज कशी नव्हती ते सरळ लिहून कळवलं. मशीन हलवण्याच्या कामाच्या यादीत १२३ पोर्टची ओळ घातली. ती आधी नव्हती, कारण मशीन हलवलं की लोक वेबपेज उघडतंय का पाहतात, वेळ जुळतेय का कोणी पाहत नाही.

ती ओळ लिहिताना ध्यानात आलं की त्या मंगळवारी आणखी दोन मशीन हलवली होती. मी दोन्हींवर गेले. एक ११ सेकंद मागे होतं. दुसरं २२ सेकंद पुढे. दोन्ही अजून तीन कोडांच्या सवलतीत बसत होती, म्हणून कोणी तक्रार केली नव्हती. पुढे असलेल्या मशीनवर, सवलत संपली असती तेव्हा, सगळं उलट झालं असतं: माझा भरकन टाकलेला कोड चालला असता आणि सर बाहेर राहिले असते.